नऊ वेळा दोनशे एक्कावन्न

पासबुक छापायच्या यंत्रात मी आईंचं पासबुक सारलं आणि म्हणाले, "आटप बाबा लवकर." यंत्रालाच म्हणाले, पण रांगेत माझ्या मागे उभा असलेला गृहस्थ दचकून दोन पावलं सरकला. मला वीस मिनिटांत कामावर परतायचं होतं. यंत्र आपलं करकर करत एकेक ओळ छापत होतं आणि मी दर ओळीला पाय बदलत होते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, इंदुमती कवठेकर. नगरपालिकेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिक्षिका होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं घराबाहेर पडणं बंद झालं होतं, त्यामुळे त्यांच्या पेन्शनच्या खात्याचं मीच बघायची. मी स्वतः मिरजेच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत. जतची गाडी कितीला, अथणीची कुठं लागते, इचलकरंजीची गेली का, बावीस वर्षं हेच. लोक म्हणायचे, कवठेकरबाई फटकळ आहेत, पण सांगतात ते बिनचूक. मला त्याचा गर्व होता, आता लपवून काय करू.

पासबुक बाहेर आलं. पेन्शन जमा, ठीक. विजेचं बिल, ठीक. औषधं, ठीक. आणि त्याखाली, भेटमार्ट ई-गिफ्ट कार्ड, दोनशे एक्कावन्न. त्याखाली परत तेच. पान उलटलं तर तिथंही तेच. कडेला सरून बोटानं मोजलं. नऊ वेळा. सगळ्या नोंदी जानेवारीच्या मधल्या दहा-बारा दिवसांतल्या. रक्कम काही घर बुडावं एवढी नव्हती, पण आई साधी खारी आणायची म्हटली तरी आधी मला विचारायच्या. त्यांच्या खात्यात हे भेटमार्ट कुठून शिरलं?

चार नंबरच्या टेबलावर एक तरुण साहेब बसायचा, मी तडक त्याच्यापुढे जाऊन बसले. त्यानं संगणकात डोकावून शांतपणे समजावलं. हे इंटरनेटवरचं दुकान आहे. वस्तू पाठवायच्या ऐवजी तेवढ्या पैशांचा एक नंबर समोरच्याच्या फोनवर पाठवायचा, मग तो त्याला हवं ते घेतो. भेट द्यायची नवी पद्धत. इथं कार्ड आईंचं वापरलेलं होतं, ओटीपी आईंच्याच फोनवर गेला होता आणि नऊच्या नऊ वेळा बरोबर टाकला होता. म्हणजे ज्याच्या हातात कार्डही होतं आणि फोनही, त्यानंच हे केलं होतं.

"बाहेरचा चोर एवढा वेळ थांबत नाही, मॅडम. एका फटक्यात खातं साफ करतो," तो म्हणाला. "आणि चोर वरचा एक रुपया कशाला घालेल?"

तो हसला. मला हसू आलं नाही. कार्ड तेवढं बंद करून द्या म्हटलं, सही केली. उठताना तो म्हणाला, "घरात एकदा विचारून बघा. पुष्कळदा घरातलंच निघतं."

घरातलंच निघतं, एवढंच घेऊन मी बाहेर पडले. विचारून बघा हे त्याचं अर्धं बोलणं तिथंच टेबलावर राहिलं.

घरात आम्ही माणसं किती? मी, माझे यजमान मुकुंद आणि आई. मुलगा नचिकेत पुण्याला इंजिनिअरिंगला. आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच शालन.

शालन आमच्याकडे दोन वर्षं येत होती. चौतिशीची असेल. नवरा बांधकामावरून पडून गेला, पदरात एक मुलगी. आईंची अंघोळ, दुपारचा स्वयंपाक, गुडघ्यांना तेल, सगळं तीच करायची. एटीएममधून आईंचे पैसे काढून आणायलाही तीच जायची, कार्डाचा पिन मीच तिला सांगितला होता. आईंच्या फोनवरचं तिलाच आईंपेक्षा जास्त कळायचं. दोघींची गट्टी अशी, की मी घरात शिरले की बोलता बोलता गप्प व्हायच्या. मला ते लागायचं. सुनेला लागतंच, दुसऱ्या बाईचं नाव सासूच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा आलं की.

तारखा परत बघितल्या आणि माझं डोकंच फिरलं. नवांपैकी तीन नोंदी एकवीस जानेवारीच्या होत्या. त्या रविवारी माझं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. चाळीस बायका. मी वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या लुटल्या होत्या. दर वर्षीप्रमाणे आईंना आतल्या खोलीत बसवलं होतं, आई, बाहेर गर्दी होईल, तुम्ही आराम करा म्हणून. टीव्ही लावून दिला, दार लोटून घेतलं आणि शालनला त्यांच्या सोबतीला ठेवलं. मी बाहेर अत्तर लावत आणि तिळगूळ वाटत फिरतेय, आणि आत ही बया आईंचा फोन घेऊन बसलेली. घरात गर्दी, माझं लक्ष नाही, बरोबर संधी साधली. असं मी तिथं, बँकेच्या पायरीवर उभी राहून, ठरवूनसुद्धा टाकलं.

त्या दुपारी खिडकीत माझं मन लागेना. जतला जाणाऱ्या एका आजोबांना मी अथणीच्या गाडीत बसवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. कंडक्टरनं त्यांना उतरवून परत आणलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुमचंच काहीतरी हरवलंय वाटतं." मी त्यांनाच खेकसले.

मधल्या सुट्टीत भेटमार्टच्या ग्राहक सेवेला फोन लावला. खातेदाराशिवाय कुणाला काही सांगता येत नाही म्हणाली तिथली मुलगी. मग मी जरा थांबून परत लावला आणि आवाज कापरा करून सांगितलं, मी इंदुमती कवठेकर बोलतेय बाळ, मला काही आठवत नाही गं, मी कुणाकुणाला पाठवलं ते सांगशील का? जन्मतारीख विचारली, ती मला पाठ होती. पूर्ण नंबर देता येणार नाहीत म्हणाली, पण शेवटचे तीन आकडे देते. आरक्षणाच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला मी नऊ ओळी लिहून घेतल्या. सातव्या ओळीला माझं पेन थांबलं. चारशे अठरा. शालनचा नंबर. आईंनी गोळी घेतली का हे विचारायला मी तो दिवसातून चारदा फिरवायची, तो मला झोपेतही आला असता.

संध्याकाळी मुकुंदना सगळं सांगितलं. माझा नवरा म्हणजे थंड पाण्याचा हंडा. त्यांनी चहा संपवला, कप धुऊन पालथा घातला आणि मग म्हणाले, "आईला विचार की."

मी म्हटलं, आईंना काय विचारायचं? ब्लडप्रेशरचं माणूस ते. जिच्यावर एवढा जीव लावला तिनंच गळा कापला हे कळलं तर काय होईल त्यांचं? म्हाताऱ्या जिवाला कशाला त्रास, माझं मी निस्तरते. तेव्हा मला हे फार समजूतदारपणाचं वाटलं होतं. मुकुंद म्हणाले, निदान चार दिवस थांब. पण थांबणं माझ्या पत्रिकेतच नाही.

नचिकेतलाही फोन केला. तो म्हणाला, अगं, आजीच्या वाढदिवसाला मी एक कार्ड पाठवलं होतं, तिला फार आवडलं होतं, पाठवायचं कसं ते तीन वेळा विचारलं तिनं मला. का गं? मी म्हटलं, काही नाही, अभ्यास कर. त्याचं बोलणं मी ऐकलं, पण कानात गेलं ते माझ्या सोयीचंच. आजीनं विचारलं म्हणजे विचारायला शालननंच लावलं, झालं. संशयाला काय, सगळं सरपणच.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता, आई झोपलेल्या असतील अशी वेळ धरून, मी रजा टाकून घरी आले. शालन स्वयंपाकघरात खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मला बघून तिनं पाट पुढे सरकवला. मी बसले नाही.

"तुझ्या फोनवर भेटकार्ड आलं होतं?" मी विचारलं.

तिचा हात थांबला. "आलं हुतं," ती म्हणाली.

"कुणी पाठवलं?"

तिनं शेंगेतले दाणे वाटीत टाकले आणि साल बाजूला ठेवली.

"आईंच्या पैशातून आलंय ते. एक तुझ्याकडे. बाकीची आठ कुठायत?"

"मला एकच आलं, वयनी. बाकीची माझी न्हाईत."

"मग कुणाची?"

"ते मला सांगता यायचं न्हाई. शब्द दिलाय मी."

"कुणाला दिलास?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, ती हातापाया पडली असती, तर कदाचित मी थांबले असते. पण ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात भीती नव्हती. मला वाटलं, काय हा निर्ढावलेपणा. खरं सांगायचं तर आतून मला थोडं बरंही वाटलं. दोन वर्षं जी टोचणी होती तिला आता कारण सापडलं होतं.

मी म्हटलं, पोलिसांत जात नाही हे उपकार समज, पण उद्यापासून येऊ नकोस. ती उठली. ओटा पुसला, शेंगांची टरफलं कचऱ्यात टाकली, कमरेची किल्ली काढून फ्रिजवर ठेवली. दारात चपला घालताना एवढंच म्हणाली, "चार वाजता चहात साखर घालू नगा. आणि आईस्नी डाव्या अंगानं उठवा, उजवा गुडघा लय दुखतोय त्येंचा." मुलीची शाळेची फी भरायची आहे, निदान महिन्याचा पगार द्या, असलंही काही बोलली नाही. मीही दिला नाही.

आई उठल्या आणि पहिला शब्द, शालन. मी सांगितलं, तिच्या गावाकडे कुणीतरी आजारी आहे, गेली ती. फोन मागितला, तर बिघडलाय, दुरुस्तीला टाकते म्हणून पर्समध्ये घातला. म्हटलं, ती फोन करून आईंना भरवून देईल. आई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तेहतीस वर्षं पोरांच्या खोट्या सबबी ऐकलेली बाई ती.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. मी अर्जित रजा टाकली. आईंना उजव्या अंगानं उठवलं आणि त्या कळवळल्या, तेव्हा आठवलं. पाणी कढत झालं, भात लगदा झाला. आई दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. दिवसातून दहा वेळा विचारायच्या, फोन झाला का दुरुस्त? आणि मला घरात चैन नाही. या खोलीतून त्या खोलीत, गॅलरीतून दारापाशी. पर्समध्ये आईंचा फोन सारखा थरथरायचा. शालनच असणार म्हणून मी उघडून बघितला नाही, बंदच करून टाकला. मुकुंद म्हणाले, तू जिंकलीस ना, मग आता बस की एका जागी. मला रडायलाच आलं.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला बेल वाजली. दारात काठी टेकत एक बाई, सत्तरीच्या पुढच्या, फिकट करड्या रंगाची सुती साडी, कपाळ मोकळं. दोन जिने चढून त्यांना धाप लागली होती. मी ओळखलं, प्रमिला नागावकर. आईंच्या शाळेतल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा नेहमी यायच्या, माझ्या पहिल्या हळदीकुंकवाला तर पुरणपोळ्यांना हात लावायला आल्या होत्या. पुढे त्यांचे यजमान गेले आणि येणं कमी होत होत थांबलं. का थांबलं याचा मी कधी विचार केला नव्हता.

"इंदू बरी आहे ना?" त्यांनी उंबऱ्यातच विचारलं. "चार दिवस फोन लागत नाही. शेवटी म्हटलं जाऊनच बघावं. माझ्या जिवाला घोर लागला."

बऱ्या आहेत, झोपल्यात, म्हणत मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. माझं मन दुसरीकडेच होतं. त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी फोन काढून पुढे केला. म्हणाल्या, इंदूला सांग, मी अजून खर्च केलेलं नाही. नात म्हणते, आजी, दोनशे एक्कावन्न रुपयांचं काहीतरी घेऊन टाक. पण माझ्यानं होत नाही. रोज उघडते, बघते, परत ठेवते.

फोनवर भेटमार्टचं कार्ड होतं. पिवळा पतंग आणि खाली मजकूर. "प्रमिला, तिळगूळ घे, गोड बोल. हे वाण आहे. गुप्त आहे, कुणाला सांगायचं नाही. इंदू."

मी तिथंच जमिनीवर बसले.

प्रमिलाबाईंना वाटलं, मला सगळं ठाऊक आहे आणि मला भरून आलंय. त्या माझ्या डोक्यावर हात ठेवून बोलत राहिल्या. "चोवीस वर्षं झाली गं मला वाण मिळून. पहिल्या वर्षी शेजारच्या वहिनी दारात दिसल्या, मी उठले, तर त्या माझ्या सुनेला हाक मारत होत्या. तेव्हापासून संक्रांत ते रथसप्तमी मी आतल्या खोलीत. रागही येत नाही आता. तुझ्या हळदीकुंकवाला इंदूही तशीच बसते की. त्या दिवशी तिथूनच तर पाठवलं तिनं हे मला. बाहेर तुझ्या बायकांचा हसण्याचा आवाज येतोय, आणि मी आतून माझं हळदीकुंकू करतेय म्हणाली."

मी विचारलं, कुणाकुणाला पाठवलं त्यांनी?

"आम्ही नऊ जणी. सगळ्या आतल्या खोलीतल्या. त्यातच ती तुमच्याकडे येते ना, शालन, तीही. इंदू म्हणाली, एवढीशी पोर, तिला तर अजून चाळीस संक्रांती काढायच्यात."

चहा करते म्हणून मी आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. एकेक ओळ डोळ्यांपुढे येत होती. वरचा एक रुपया. आहेराच्या पाकिटात मी आयुष्यभर तो एक रुपया घालत आले, आणि तो चोराचा नाही हे बँकेतल्या परक्या पोराला कळलं, मला कळलं नाही. त्या तारखा तर माझ्याच घरातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईनं होत्या. मी स्वतः दार लोटून घेतलं होतं. लाज वाटली मला, अशी लाज वाटली की चहाला उकळी येऊन तो शेगडीवर उतू गेला तरी हललेच नाही.

प्रमिलाबाईंना मी आईंच्या खोलीत नेऊन बसवलं. आई जाग्याच होत्या. मी पर्समधून फोन काढून सुरू केला आणि त्यांच्या हातात दिला. आईंनी विचारलं, झाला दुरुस्त? मी म्हटलं, झाला. आणखी काही बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी मान हलवली, आधी जा म्हणाल्या. कुठे ते त्यांनी सांगितलं नाही, मला विचारायची गरज नव्हती.

शालन रेल्वे लाइनीपलीकडे दोन खोल्यांत राहायची. दोन वर्षांत मी तिचं घर बघितलं नव्हतं. रिक्षा बोळाच्या तोंडाशी सोडली आणि विचारत विचारत गेले. चौकशीच्या खिडकीतली बाई दारोदार चौकशी करत. शालन दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली, आत गेली, आणि मला वाटलं आता दार लावणार. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"चुकलं माझं, शालन," मी म्हटलं. वाटेत दहा वाक्यं जुळवली होती, त्यातलं एक आठवलं नाही. किल्ली आणि पगाराचं पाकीट पुढे केलं.

तिनं पाकीट उघडून नोटा बघितल्या, परत पाकिटात घातल्या. पगार बरोबर आहे म्हणाली. किल्ली घेतली नाही. मी विचारलं, तू सांगितलं का नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर. ती म्हणाली, आईंनी घातलेली शपथ, वाण गुप्त राहिलं तर पावतं. आणि सांगून तुम्हाला काय कळणार होतं?

मग तांदळाच्या सुपाकडे बघत म्हणाली, "चार वर्षांत मला कुणी हळद लावली न्हाई, वयनी. तुमच्या घरात त्या दिवशी चाळीस बायकांची भांडी मी घासली. त्यातल्या एकीनं मला तिळगूळ दिला न्हाई, आनि तुमीबी न्हाई. आईंनी दिला. त्ये चोरीचं हाय म्हनला तुमी."

मी रडले. ती रडली नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या हातातली किल्ली घेतली.

"येते उद्या," ती म्हणाली. "आईंसाठी येते. तुमच्यासाठी न्हाई."

बरोबरच होतं ते. मी मान डोलावली.

त्या संध्याकाळी मी आईंच्या गुडघ्यांना तेल लावत होते. धीर करून म्हटलं, आई, पुढच्या वर्षी तुम्ही बाहेर बसा. माझ्या शेजारी. बघू कोण काय बोलतं ते. मला वाटलं, त्यांचे डोळे भरून येतील. माझी मेलीची हौस.

आई म्हणाल्या, "नको गं. बोलणार कुणी नाही. कुंकू घेऊन माझ्यापर्यंत येतील आणि हात अर्ध्यात थांबेल, एवढंच. ते मला बघायचं नाही. तू तुझं बाहेर कर, मी माझं आत करते." मग म्हणाल्या, "पण काही विचारायचं असलं तर मला विचारत जा. माझे गुडघे गेलेत, डोकं नाही."

त्या वर्षीपासून मी हळदीकुंकू केलं नाही. मोठेपणा म्हणून नाही सांगत. बाहेर उभं राहून आतल्या दाराकडे पाठ करायला मला जमेना, इतकंच. आई पुढे तीन वर्षं जगल्या, तीन संक्रांतींना नऊ वेळा दोनशे एक्कावन्न गेले आणि पासबुकाच्या त्या ओळींवरून मी मुकाट पुढे गेले. शालन शेवटपर्यंत आली. आई गेल्या त्या दिवशी तिनं किल्ली परत फ्रिजवर ठेवली. नंतर ती एका दवाखान्यात आया म्हणून लागली असं कानावर आलं. आमचं बोलणं राहिलं नाही. राहावं असं मी तरी काय केलं होतं?

गेल्या भाद्रपदात मुकुंद गेले. कप धुऊन पालथा घातला आणि खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. आयुष्यभर शांत होते, जातानाही कुणाला त्रास दिला नाही. मी सेवानिवृत्त झालेली, नचिकेत बंगळूरला. नोव्हेंबर-डिसेंबर कसेबसे काढले. जानेवारी आला. संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी समोरच्या फ्लॅटमध्ये हळदीकुंकू होतं. जिन्यावर पैंजणं, अत्तराचा वास, हसणं. माझ्या दारासमोरून पावलं जायची आणि जरा हळू व्हायची. कुणाचा काही दोष नाही. मी उठून आतल्या खोलीत आईंच्या पलंगावर जाऊन बसले आणि दार लोटून घेतलं. दार लोटल्यावर लक्षात आलं मी काय केलं ते.

फोन वाजला. भेटमार्ट. पिवळा पतंग. दोनशे एक्कावन्न.

"वयनी तिळगूळ घ्या गोड बोला. गुप्त हाय. कुणाला सांगू नका."

नाव नव्हतं. खाली नंबर होता, शेवटी चारशे अठरा.

समोरचं हसणं थांबलं, बायका आपापल्या घरी गेल्या. मग मी चष्मा पुसला आणि आईंची फोन नंबरांची जुनी वही काढली. नवांपैकी चौघी उरल्या होत्या, त्यात शालन आणि नव्वदीला टेकलेल्या प्रमिलाबाई. आमच्या स्टँडवरच्या दोघी मला आठवल्या. खालच्या मजल्यावरच्या त्या बाई, ज्यांचे यजमान मागच्या वर्षी गेले आणि ज्यांना मी तेव्हापासून जिन्यात नुसती मान डोलावत होते. रथसप्तमीपर्यंत सात कार्डं गेली.

फेब्रुवारीत नचिकेतचा फोन आला. बँकेच्या कामासाठी त्याचं नाव मी माझ्या खात्याला जोडून घेतलंय. घाईत होता, माझ्यावरच गेलाय.

"आई, तुझ्या खात्यात भेटमार्टचे सात खर्च दिसतायत. सगळे दोनशे एक्कावन्नचे. मी बँकेला फोन लावणारच होतो, म्हटलं आधी तुला विचारावं. तू केलेत का?"

खिडकीत बसून बावीस वर्षं आणि नंतरही कितीतरी, मी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण कुणी विचारल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

"मीच केलेत रे," मी म्हटलं.

"कुणाला पाठवलेत?"

"ते नाही सांगायचं."